रिसर्च आणि लोकांचं म्हणणं धोरणापर्यंत कसं न्यायचं? नवीन लोकांसाठी पायरी पायरीने

हे लिहितेय ते अशा लोकांसाठी ज्यांच्या हातात काहीतरी आहे, म्हणजे एखादा थिसिस असेल, संस्थेने केलेला सर्व्हे असेल, दवाखान्यातल्या नाहीतर शाळेतल्या नोंदी असतील किंवा नुसता काही वर्षांचा अनुभव असेल, आणि आता वाटतंय की यातून एखादा नियम, एखादी योजना बदलायला हवी, पण सुरुवात कुठून करायची तेच कळत नाहीये.

एक गोष्ट आधीच सांगते. पुरावा भक्कम असला की धोरण आपोआप बदलतं असं होत नाही. शिशाच्या पेट्रोलचं उदाहरण घ्या. १९२० च्या दशकात पेट्रोलमध्ये शिसं मिसळायला सुरुवात झाली, शिसं विषारी आहे हे तेव्हाही माहीत होतं आणि काही डॉक्टरांनी तेव्हाच आक्षेपही घेतले होते. १९६५ मध्ये क्लेअर पॅटरसन या शास्त्रज्ञाने दाखवलं की आपल्या शरीरात नैसर्गिक पातळीपेक्षा कितीतरी जास्त शिसं साचतंय, १९७९ मध्ये हर्बर्ट नीडलमन यांनी मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांतलं शिसं मोजून त्याचा बुद्धीवर आणि वागण्यावर होणारा परिणाम मांडला, आणि तरीही जगातल्या शेवटच्या देशात, अल्जीरियात, गाड्यांसाठीचं शिशाचं पेट्रोल बंद व्हायला २०२१ उजाडलं. शंभर वर्षं झाली जवळजवळ. आणि उलट बाजूने बघितलं तर लोकांचा नुसता रेटा असून पुरावा नसला की निर्णय घाईत होतो, चुकीचा होतो, आणि पुढच्या सरकारला तो फिरवायला एक दिवसही लागत नाही.

माझं ठाम मत असंय की आधी अभ्यास करायचा आणि मग शेवटी लोकांमध्ये जाऊन ‘जनजागृती’ करायची, ही जी पद्धत पडलीय तीच मुळात चुकीची आहे. दोन्ही पहिल्या दिवसापासून एकत्र लागतं. खाली जे काही सांगतेय ते सगळं यावरच उभं आहे.

१. निर्णय कुठल्या कागदावर होतो ते शोधा

"शिक्षण सुधारलं पाहिजे", "प्रदूषण कमी झालं पाहिजे" ही इच्छा झाली, मागणी नाही झाली. सरकारी यंत्रणेत निर्णय शेवटी कुठल्यातरी कागदावरच्या कुठल्यातरी ओळीत असतो आणि ती ओळ बदलायचा अधिकार कुठल्यातरी एका पदाला असतो. तो कागद म्हणजे कायदा असेल, कायद्याखालचे नियम असतील, योजनेच्या मार्गदर्शक सूचना, बजेटमधली तरतूद, विभागाचं परिपत्रक, नाहीतर टेंडरच्या अटी. नवीन लोक बहुतेक वेळा थेट ‘कायदा बदला’ म्हणतात कारण कायदा डोळ्यासमोर असतो, बातम्यांत येतो. पण कायदा बदलायला वर्षानुवर्षं जातात, आणि कित्येकदा आपल्याला जे हवंय ते मार्गदर्शक सूचनांमधला एक परिच्छेद बदलून होण्यासारखं असतं, जे एखादा वरिष्ठ अधिकारी स्वतःच्या सहीने करू शकतो.

म्हणून पहिलं काम हे करा, एका कागदावर एकच वाक्य लिहा: अमुक कागदातल्या अमुक कलमात असा असा बदल हवाय, तो अमुक पदावरची व्यक्ती करू शकते, आणि त्यासाठी फाईल अमुक महिन्यापर्यंत हलायला लागेल. या वाक्यातल्या रिकाम्या जागा भरता आल्या नाहीत तर रिपोर्ट लिहायला बसू नका, आधी त्या जागा भरा. सध्या लागू असलेला आदेश काढा, त्यावर सही कुणाची आहे बघा, वर संदर्भ म्हणून कुठले जुने आदेश दिलेत ते बघा आणि तेही मिळवा, कारण त्या साखळीतच कळतं की हा नियम असा का झाला, कुणाच्या शिफारशीवरून झाला, मध्ये कधी बदलला. मिळत नसेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा, असा कायदा आज शंभरहून जास्त देशांत आहे (पहिला स्वीडनने १७६६ मध्ये केला). आणि विभागात खालच्या पातळीवर काम करणाऱ्या माणसाशी नीट बोला, नियम प्रत्यक्षात कसा चालतो हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

२. आधीच काय माहीत आहे ते बघा

हे काम कंटाळवाणं आहे म्हणून लोक टाळतात, आणि टाळल्याची किंमत फार मोठी असते. लहान बाळांना पालथं झोपवावं असा सल्ला कित्येक वर्षं डॉक्टर आणि पालकांसाठीची पुस्तकं देत होती. पालथं झोपवण्याने झोपेत अचानक मृत्यू होण्याचा धोका वाढतो, हे १९७० पर्यंत झालेले अभ्यास एकत्र मांडले असते तरी दिसलं असतं, पण ते एकत्र कुणी मांडलेच नाहीत. ‘बाळाला उताणं झोपवा’ अशा मोहिमा सुरू व्हायला १९९० चं दशक आलं. २००५ मध्ये संशोधकांनी मागे वळून हिशोब केला तेव्हा त्यांचा अंदाज निघाला की वेळेवर असा आढावा घेतला असता तर ब्रिटनमधले १०,००० हून जास्त आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया वगैरे मिळून किमान ५०,००० बाळांचे मृत्यू टळू शकले असते. पुरावा होता हो, वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेला पडून होता.

दुसरं उदाहरण उलट्या बाजूचं. अमेरिकेत १९७० च्या दशकात वाया जाणाऱ्या पोरांना तुरुंगात नेऊन कैद्यांकडून दम द्यायचा असा एक कार्यक्रम सुरू झाला, बघणाऱ्याला वाटायचं की पोरं घाबरली, सुधारणार, टीव्हीवर गाजला, ठिकठिकाणी उचलला गेला. नंतर नीट तुलना करून अभ्यास झाले तेव्हा निष्कर्ष निघाला की अशा कार्यक्रमांना गेलेली मुलं न गेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे करतात. म्हणजे काहीच केलं नसतं तर बरं झालं असतं.

म्हणून एकाच अभ्यासावर मागणी उभी करू नका, मग तो तुमचा स्वतःचा का असेना. आरोग्याच्या विषयात कॉक्रेन (१९९३ पासून) आणि शिक्षण, गुन्हेगारी, समाजकल्याण अशा विषयांत कॅम्पबेल (२००० पासून) या संस्था अनेक अभ्यास पद्धतशीरपणे एकत्र करून आढावे काढतात, कॉक्रेनच्या आढाव्यांचे सोप्या भाषेतले सारांश फुकट वाचता येतात. वाचताना स्वतःला विचारत जा, तुलनेसाठी दुसरा गट होता का, किती लोक होते आणि मध्येच किती गळाले, किती काळ पाठपुरावा केला, पैसे कुणी दिले. आणि जे अभ्यास तुमच्या म्हणण्याच्या विरोधात जातात ते वेगळ्या फोल्डरमध्ये नीट जपून ठेवा, पुढे लागणार आहेत.

३. प्रश्न कुठला आणि पुरावा कुठला, जोडी जुळतेय का बघा

समस्या किती मोठी आहे, हा एक प्रश्न. उपाय चालतो का, हा दुसरा. तो इथे, या लोकांमध्ये, या यंत्रणेकडून चालेल का, हा तिसरा, आणि बहुतेकांचा घोळ इथेच होतो.

अमेरिकेत टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षं एक मोठा प्रयोग झाला, लहान वर्गात मुलं जास्त चांगली शिकतात असं त्यात स्पष्ट दिसलं. ते बघून १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाने राज्यभर एकदम वर्ग लहान करायला घेतले. वर्ग लहान म्हणजे जास्त वर्ग, जास्त वर्ग म्हणजे जास्त शिक्षक आणि जास्त खोल्या, ते एवढ्या घाईत आणायचे कुठून? पूर्ण प्रशिक्षण नसलेले शिक्षक भरले गेले, गरीब भागातल्या शाळांतले अनुभवी शिक्षक दुसरीकडे गेले, लायब्ररी आणि इतर कामांच्या खोल्या वर्गांसाठी घेतल्या, आणि फायदा टेनेसीसारखा काही दिसला नाही. मूळ अभ्यास खोटा नव्हता. तो ज्या आधारावर उभा होता तो आधार नव्या जागी नव्हता.

याउलट गडचिरोलीतलं अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेचं काम बघा. गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घ्यायची, असा प्रयोग त्यांनी केला, तुलनेसाठी दुसरी गावं ठेवली, आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापला, तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटलेला होता. २०११ मध्ये भारत सरकारने आशा कार्यकर्त्यांनी घरी जाऊन नवजात बाळ तपासायचं हे देशभराच्या कार्यक्रमात घेतलं. मधली बारा वर्षं लागलीच, पण मुद्दा असा की उपायच मुळात असा बेतला होता की मोठं हॉस्पिटल आणि डॉक्टर नसलेल्या जागी तो चालेल. तुमचा उपाय जर प्रयोगातल्या उत्साही टीमशिवाय चालणार नसेल तर ते आत्ताच मान्य करा आणि उपाय बदला, नाहीतर नंतर अंमलबजावणीत तो पडेल आणि दोष तुमच्या पुराव्याला जाईल.

खर्चाचा आकडा हा चौथा प्रश्न, आणि तो तुम्ही दिला नाही तर वित्त विभाग स्वतःचा अंदाज लावेल, तो तुम्हाला आवडणार नाही.

४. लोकांना सुरुवातीलाच घ्या, शेवटी नको

यावर जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त ढिलाई इथे होते.

१९८६ मध्ये चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा अपघात झाला, किरणोत्सारी पाऊस ब्रिटनच्या डोंगराळ भागात पडला आणि तिथल्या मेंढ्यांच्या विक्रीवर बंदी आली. शास्त्रज्ञांनी सांगितलं, तीन आठवड्यांचा प्रश्न आहे, जमिनीत हे लवकर मुरून जाईल. त्यांचा अंदाज दुसऱ्या प्रकारच्या मातीवरून काढलेला होता. इथल्या डोंगरावरच्या मातीत ते मुरलं नाही, गवतात येत राहिलं, आणि तीन आठवड्यांची बंदी पूर्णपणे उठायला २०१२ उजाडलं. आणि यातली मनाला लागणारी गोष्ट अशी की मेंढपाळ पहिल्यापासून सांगत होते, मेंढ्या प्रयोगासाठी अशा कुंपणात कोंडून ठेवल्या तर खंगतात, इथलं गवत सगळीकडे एकसारखं नाही, तुमचा प्रयोग या जागी बसत नाही, पण त्यांचं बोलणं कुणी माहिती म्हणून ऐकलंच नाही, अडाणी लोकांची तक्रार म्हणून ऐकलं. ब्रायन विन या अभ्यासकाने नंतर हे सगळं लिहून काढलं आणि आज हा विषय शिकवताना ते वाचायला देतात.

म्हणजे लोक हे फक्त ‘लाभार्थी’ किंवा सही करणारे नसतात, त्यांच्याकडे डेटा असतो. फ्लिंट या अमेरिकन शहराचं बघा. २०१४ मध्ये पैसे वाचवायला शहराचं पाणी नदीवरून घ्यायला सुरुवात झाली, लोक पाण्याच्या रंगाबद्दल, वासाबद्दल, अंगावर उठणाऱ्या पुरळाबद्दल तक्रार करत होते आणि अधिकारी म्हणत होते पाणी सुरक्षित आहे. मग रहिवाशांनी विद्यापीठातल्या संशोधकांशी हातमिळवणी केली, शेकडो घरांतून लोकांनीच नमुने गोळा केले, शिसं सापडलं. सप्टेंबर २०१५ मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अतिशा यांनी मुलांच्या रक्त तपासणीचे आकडे मांडले, रक्तात जास्त शिसं असलेल्या मुलांचं प्रमाण २.४ वरून ४.९ टक्क्यांवर गेलं होतं. पुढच्याच महिन्यात शहराचं पाणी पुन्हा जुन्या स्रोतावरून सुरू झालं. दीड वर्ष नुसत्या तक्रारींना दाद मिळाली नाही, आणि लोकांशिवाय ते नमुने गोळाच झाले नसते.

राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनवाया घेतल्या तेव्हा तर पुरावा म्हणजे पंचायतीची बिलं आणि हजेरीपत्रकं, बस. ती गावासमोर मोठ्याने वाचायची आणि विचारायचं, तुम्हाला ही मजुरी मिळाली का? ज्यांच्या नावावर पैसे उचललेत ते समोर बसलेले असायचे आणि सांगायचे, आम्ही त्या कामावर कधी गेलोच नाही. कुठल्याही सर्व्हेपेक्षा पक्का पुरावा हा, आणि तपासणारेही लोकच. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यामागे ही चळवळ होती.

आता प्रत्यक्ष करायचं काय. पहिलं, प्रश्नावली तयार करायच्या आधी ज्यांच्यावर परिणाम होणारे अशा दहा-बारा लोकांशी बसून विचारा की यात तुमच्या दृष्टीने मोजण्यासारखं काय आहे, त्यांचं उत्तर बऱ्याचदा तुमच्या यादीत नसतं. दुसरं, मिटिंगची वेळ आणि जागा त्यांच्या सोयीची ठेवा, रोजंदारीवाल्याचा दिवस बुडणार असेल तर त्याचे पैसे द्या, लहान मुलं सांभाळायची सोय करा, नाहीतर ज्यांच्याकडे वेळ आहे तेच येणार आणि तुम्ही त्यांनाच ‘लोक’ समजणार. तिसरं, कोण आलं नाही याची यादी ठेवा आणि त्यांच्याकडे स्वतः जा. चौथं, त्यांच्या सांगण्यातून काय बदलू शकतं आणि काय बदलणार नाही हे आधीच सांगा. शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची एक शिडी मांडली होती, खालच्या पायऱ्यांवर नुसतं ऐकून घेतल्याचं दाखवणं, वरच्या पायऱ्यांवर खरोखर अधिकार देणं. तुम्ही कुठल्या पायरीवर आहात ते लोकांपासून लपवू नका, फसवलं गेलेलं माणूस पुढच्या वेळी येत नाही, आणि तुमच्यानंतर येणाऱ्या प्रामाणिक संस्थेलाही दारात उभं करत नाही.

विषय तापलेला असेल, दोन्ही बाजूंनी लोक हट्टाला पेटलेले असतील, तर चिठ्ठ्या टाकल्यासारखी यादृच्छिक निवड करून नागरिकांचं मंडळ बसवायची पद्धत आहे. आयर्लंडने २०१६ मध्ये ९९ नागरिक आणि एक अध्यक्ष असं मंडळ बसवलं, त्यांनी गर्भपाताच्या प्रश्नावर डॉक्टर, वकील, दोन्ही बाजूंच्या संघटना, प्रत्यक्ष अनुभव घेतलेल्या बायका, सगळ्यांचं ऐकलं, आपापसांत चर्चा केली, शिफारस दिली, आणि मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के लोकांनी राज्यघटनेतली बंदी उठवायला कौल दिला. मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की साध्या माणसांना वेळ आणि नीट माहिती दिली तर ती गुंतागुंतीचा पुरावा समजून घेतात. "लोकांना कळणार नाही" म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

५. कागद छोटा करा आणि आकडे सरळ लिहा

कॅनडातल्या आरोग्य संशोधनाच्या एका संस्थेने १:३:२५ असा नियम रूढ केला, एक पान मुख्य मुद्दे, तीन पानं सारांश, पंचवीस पानं रिपोर्ट. पहिलं पान सगळ्यात अवघड असतं, त्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. त्यात समस्या दोन ओळींत, पुरावा काय म्हणतो ते चार-पाच ओळींत, मग तुमची मागणी (पहिल्या पायरीतलं ते वाक्य), खर्च, आणि काय अजून नक्की नाही ते. शेवटचं गाळू नका, अधिकाऱ्याला पुढे प्रश्न विचारले जातात तेव्हा तो तोंडघशी पडू नये ही तुमचीही जबाबदारी आहे.

आकड्यांबाबत एक गोष्ट कायम लक्षात ठेवा. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये इशारा निघाला की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. दुप्पट म्हणजे किती, तर ७,००० बायकांमागे एक होती ती दोन. पण लोकांनी ‘दुप्पट’ ऐकलं, घाबरून गोळ्या सोडल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले असा अंदाज आहे. आकडा खोटा नव्हता, सांगण्याची पद्धत घातक होती. ‘इतक्या टक्क्यांनी वाढ’ लिहाल तिथे लगेच पुढे लिहा की किती जणांमागे किती होते आणि आता किती आहेत.

एका खऱ्या माणसाची गोष्ट त्या पानावर जरूर घाला, त्याची परवानगी घेऊन, ओळख पटणार नाही अशी. पण ती गोष्ट आकड्यांशी जुळणारी हवी. अपवादाची गोष्ट सगळ्यांची म्हणून सांगणं ही फसवणूक आहे, हेतू कितीही चांगला असला तरी.

६. वेळ ओळखा

जॉन किंग्डन या अभ्यासकाने १९८४ मध्ये मांडलं की समस्या, उपाय आणि राजकारण असे तीन प्रवाह वेगवेगळे वाहत असतात आणि कधीतरी ते एकत्र येतात तेव्हा थोड्या काळासाठी एक खिडकी उघडते, म्हणजे बदलाची संधी येते. ओझोनच्या बाबतीत हे छान दिसतं. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी सांगितलं की फ्रिज आणि स्प्रेमधल्या वायूंनी ओझोनचा थर विरळ होईल, कंपन्यांनी विरोध केला, काही देशांनी स्प्रेवर बंदी घातली पण जगभराचा करार काही होईना. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं ओझोनचं छिद्र मोजून दाखवलं गेलं, लोक हादरले, आणि १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. खिडकी उघडली तेव्हा शास्त्र आणि वाटाघाटी दोन्ही तयार होत्या म्हणून दोन वर्षांत जमलं.

छिद्र सापडण्याची वाट बघत बसायची गरज नसते, कारण काही खिडक्या ठरलेल्या वेळीच उघडतात: बजेटची तयारी (भाषणाच्या कितीतरी महिने आधी सुरू होते, भाषण झाल्यावर निवेदन देऊन उपयोग नसतो), योजनेची मुदत संपून नव्याने मंजुरी, समितीची नेमणूक, निवडणुकीचे जाहीरनामे, नवीन अधिकारी रुजू झाल्यावरचे पहिले काही आठवडे. या तारखा कॅलेंडरमध्ये टाका आणि तुमचं ते एक पान कायम तयार, ताज्या आकड्यांसह ठेवा.

७. हरकती आणि सूचना मागवल्या की

बऱ्याच देशांत नियम करायच्या आधी मसुदा जाहीर करून लोकांचं म्हणणं मागवावं लागतं. अमेरिकेत १९४६ च्या कायद्यापासून ही पद्धत आहे, भारतात केंद्र सरकारच्या २०१४ च्या धोरणाप्रमाणे मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा असतो. इथे एकसारखा मजकूर हजारोंनी पाठवायची पद्धत आहे. त्याने विषय किती जणांना महत्त्वाचा वाटतो ते कळतं, नाही असं नाही, पण मसुद्यातलं वाक्य त्याने क्वचितच बदलतं. शिवाय आता संशयही आलाय, २०१७ मध्ये अमेरिकेत इंटरनेटच्या नियमांवर २ कोटी २० लाखांवर प्रतिक्रिया आल्या आणि चौकशीत निघालं की त्यातल्या जवळपास १ कोटी ८० लाख बनावट होत्या.

त्यापेक्षा कलमवार लिहा. कलम क्रमांक, सध्याचा मजकूर, अडचण काय, पुरावा काय, आणि तुमचा पर्यायी मजकूर, जसाच्या तसा उचलून घालता येईल असा. पर्यायी मजकूर न देता नुसती टीका पाठवली तर फाईलवर काम करणाऱ्या माणसाला ती वापरता येत नाही. चांगलं असलेल्या कलमालाही पाठिंबा लिहून कळवा, कारण ते काढून टाका म्हणणारे लिहीत असतातच. आणि ज्या लोकांबरोबर तुम्ही काम केलंय त्यांना स्वतःच्या शब्दांत, त्यांच्या भाषेत पाठवायला मदत करा, पाच जणांनी स्वतःचा अनुभव लिहिलेला कागद पाचशे एकसारख्या कागदांपेक्षा जास्त वाचला जातो.

८. भेट

वेळेवर जा, ते एक पान घेऊन जा, दोघं-तिघंच जा आणि त्यात एक जण प्रत्यक्ष भोगणारा असू द्या. पंधरा मिनिटं मिळाली तर पाच बोला आणि दहा ऐका, अडचण काय आहे ते विचारा, कारण ‘नाही’ म्हणण्यामागे बऱ्याचदा तुमच्या पुराव्यावरचा अविश्वास नसतो, माणसं नसतात, पैसे नसतात, किंवा दुसऱ्या विभागाची संमती लागते. दोन दिवसांत आभाराचा आणि कबूल केलेल्या माहितीचा ईमेल पाठवा. त्यांच्या हाताखाली टिपणी लिहिणाऱ्या लोकांशी ओळख ठेवा, साहेब बदलून जातात, ते तिथेच असतात.

९. विरोध होणार, तयारी ठेवा

तंबाखूच्या धंद्यातल्या १९६९ च्या एका अंतर्गत कागदात स्पष्ट लिहिलेलं होतं की शंका हेच आमचं प्रॉडक्ट आहे. सिगारेट आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचा संबंध डॉल आणि हिल यांनी १९५० मध्येच मांडला होता. कामाच्या जागी आणि हॉटेलांत धूम्रपान बंद करणारा पहिला देश, आयर्लंड, तिथपर्यंत पोचला २००४ मध्ये. मधला कितीतरी काळ "अजून अभ्यास व्हायला हवा" या एका वाक्याने खाल्ला. हे वाक्य कानावर आलं की विचारा, नेमका कुठला अभ्यास, किती दिवसांत, आणि तोवर होणारं नुकसान कुणाच्या अंगावर?

पण हीच कसोटी स्वतःलाही लावा. तुमचा निधी कुठून येतो ते पहिल्याच पानावर लिहा. दुसऱ्या पायरीतलं ते फोल्डर आठवतंय ना, तुमच्या विरोधात जाणाऱ्या अभ्यासांचं? ते तुम्हीच आधी मांडा, त्याला तुमचं उत्तर काय ते सांगा, आणि उत्तर नसेल तर मागणी तेवढी सौम्य करा. एकदा कुणी लपवताना पकडलं की पुढची दहा वर्षं तुमचा आकडा कुणी धरत नाही.

१०. निर्णय झाल्यावर

इथे बहुतेक जण फोटो काढून घरी जातात. खरं तर आता मोजायला सुरुवात करायची असते. मेक्सिकोने १९९७ मध्ये गरीब घरांना मुलांची शाळा आणि आरोग्य तपासणी या अटींवर रोख रक्कम द्यायची योजना आणली, आणि ती टप्प्याटप्प्याने आणताना ५०६ गावांपैकी ३२० गावांत आधी, १८६ गावांत नंतर अशी निवड यादृच्छिक ठेवली, म्हणजे तुलना आपोआप तयार झाली. शाळेत जाणारी मुलं वाढली, आजारपण घटलं हे दाखवता आलं, आणि २००० मध्ये एकाच पक्षाची सत्तर वर्षांची सत्ता बदलली तरी योजना गुंडाळली गेली नाही, नव्या सरकारने नाव बदलून ती पुढे वाढवली.

म्हणून आदेश निघतानाच आग्रह धरा की काय मोजणार, कोण मोजणार, आढावा कधी, हे त्याच आदेशात लिहिलं जावं. सहा महिन्यांनी शेवटच्या टोकाला जाऊन बघा, आदेश तिथे पोचलाय का, पैसे पोचलेत का, ज्याने काम करायचंय त्याला ते माहीत आहे का. आणि ज्या लोकांनी तुम्हाला नमुने दिले, अनुभव दिले, मिटिंगला आले, त्यांच्याकडे परत जाऊन सांगा की तुमच्या सांगण्यातलं काय मान्य झालं, काय झालं नाही आणि का नाही. रिपोर्टची प्रत त्यांच्या भाषेत द्या. पुढच्या आढाव्याची तारीख त्यांच्याबरोबर बसूनच ठरवा, आणि तेव्हा आकडे कोण गोळा करणार ते नाव घालून लिहून घ्या.